जाहिरात लिहिणाराने काय वाचावे?



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल. वसंत व्याख्यानमालेत इतिहास यावा, तत्त्वज्ञान यावे, फार तर अर्थशास्त्र यावे. पण जाहिरातीचे येथे काय काम? न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या मालेचा पायंडा पाडला. त्या परंपरेत दुकानदारीची चर्चा शोभेल काय? आमच्या मते शोभेल. देशी उद्योगधंद्यांचा विचार रानड्यांनी आयुष्यभर केला, आणि माल तयार करणाराला तो विकण्याची विद्याही आली पाहिजे, हे त्यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

दुसरेही एक कारण आहे. जाहिरात लिहिणे हे आता मुंबईतल्या मोठ्या कचेऱ्यांपुरते उरलेले नाही. घरी पापड-कुरडया करून विकणाऱ्या ताई, नवा क्लास काढणारे मास्तर, विम्याचे काम करणारा तरुण, भाड्याने खोली द्यायची असलेले निवृत्त गृहस्थ, या सर्वांना आज मोबाइलवर चार ओळी लिहून शेकडो लोकांपुढे ठेवता येतात. नोकरीचा अर्ज तरी काय असतो? तीही स्वतःची जाहिरातच. आणि जो जाहिरात लिहीत नाही, तो निदान ती वाचतो. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवीपर्यंत कोणी ना कोणी आपले मन वळवू पाहत असतो. अशा काळात ही विद्या काय आहे आणि ती कोणत्या ग्रंथांतून शिकावी, हे जाणून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

आम्हांला तरुण मंडळी दोन प्रश्न नेहमी विचारतात. एक, ‘आयुष्यात पुढे येण्यासाठी काय वाचावे?’ आणि दुसरा, ‘धंद्याची जाहिरात चांगली करता यावी म्हणून काय वाचावे?’ विचारणारांची अपेक्षा अशी असते की आम्ही दोन वेगळ्या याद्या द्याव्यात. पहिल्या यादीत मन प्रसन्न करणारी पुस्तके, दुसऱ्या यादीत गिऱ्हाईक पटकावण्याच्या युक्त्या. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की या याद्या दोन नाहीत. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे आणि दिलेल्या शब्दाला जागणे, या दोन गोष्टी ज्या पुस्तकातून अंगी बाणतात ते पुस्तक माणूसही घडवते आणि जाहिरातही सुधारते. यांतली पहिली गोष्ट आली आणि दुसरी आली नाही, तर काय होते, तेही आम्ही एका नामांकित उदाहरणाने सांगणार आहो.

आमच्या यादीतले पहिले पुस्तक अडीचशे वर्षांपूर्वीचे आहे. ते म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन यांचे आत्मचरित्र. फ्रँकलिन १७०६ साली बोस्टन शहरात साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्मले. शाळा जेमतेम दोन वर्षांची. बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागले. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, १७२९ पासून ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ हे पत्र चालवले, विजेचे प्रयोग केले आणि अमेरिकेच्या राष्ट्रपुरुषांत त्यांची गणना झाली. आत्मचरित्र त्यांनी १७७१ मध्ये लिहावयास घेतले. १७९० मध्ये ते वारले तेव्हाही ते अपुरेच होते.

या पुस्तकात लेखन शिकण्याची एक रीत दिली आहे. लहान वयात फ्रँकलिनच्या हाती ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड पडला. त्यातला निबंध वाचावा, प्रत्येक वाक्यातल्या आशयाचे त्रोटक टिपण करावे, कागद काही दिवस बाजूला ठेवावे, आणि मग मूळ न पाहता त्या टिपणांवरून निबंध आपल्या शब्दांत पुन्हा लिहावा. नंतर मुळाशी ताडून पाहावे आणि आपल्या चुका दुरुस्त कराव्यात. कधी कधी ते टिपणांचा क्रम मुद्दाम विसकटून टाकीत आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा लावीत, म्हणजे विचारांची मांडणी कशी करावी हे कळे. या शिक्षणाला शिक्षक लागत नाही, शुल्क लागत नाही. लागतो तो निगरगट्ट प्रामाणिकपणा, कारण परीक्षकही आपणच असतो.

बोलण्याच्या बाबतीत त्यांनी स्वतःला आणखी एक वळण लावले. ‘निःसंशय’, ‘खात्रीने’ असे ठासून बोलणारे शब्द त्यांनी सोडले आणि ‘मला असे वाटते’, ‘माझी समजूत अशी आहे’ एवढ्यावर ते थांबू लागले. ऐकणाराला विचार करायला जागा ठेवली म्हणजे तो आपले म्हणणे अधिक मोकळेपणाने ऐकतो, हा त्यांचा अनुभव. तेरा सद्गुणांची यादी करून दर आठवड्याला एकेकाचा अभ्यास करण्याची त्यांची वहीही प्रसिद्ध आहे. त्यांतला व्यवस्थितपणा हा गुण आपल्याला कधी साधला नाही, अशी कबुली ते हसतहसत देतात. ज्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग आहे अशा सर्वांना हा मोठाच दिलासा आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने या आत्मचरित्रातला महत्त्वाचा भाग वेगळा आहे. त्यात एक जाहिरात सबंध छापलेली आहे. १७५५ सालची गोष्ट. जनरल ब्रॅडॉक यांच्या ब्रिटिश फौजेला सामान वाहण्यासाठी दीडशे गाड्या हव्या होत्या आणि मिळाल्या होत्या अवघ्या पंचवीस. फ्रँकलिन म्हणाले, आमच्या पेन्सिल्व्हेनियात तर बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याकडे गाडी आहे. झाले, काम त्यांच्याच गळ्यात पडले. त्यांनी लँकेस्टर गावातून २६ एप्रिल रोजी जाहिरात काढली. चार घोडे आणि हाकणारा यांसह गाडीला रोज १५ शिलिंग. सात दिवसांचे पैसे आगाऊ. प्रत्येक गाडीची व घोड्याची किंमत त्रयस्थ माणसांकडून आधी ठरवून घेणार, म्हणजे नुकसान झाल्यास भरपाईचा वाद नको. आणि हाकणाराला सैनिकाचे काम सांगितले जाणार नाही. जाहिरातीसोबत त्यांनी लोकांना उद्देशून एक पत्रकही काढले. त्यात फायद्याची लालूच होती, तशी गाड्या जबरीने ओढून नेल्या जाण्याची भीतीही घातलेली होती, हे सांगितले पाहिजे. दोन आठवड्यांत १५० गाड्या आणि २५९ ओझ्याचे घोडे छावणीच्या वाटेला लागले.

या मजकुरात स्तुतीची पोकळ विशेषणे नाहीत, हे लक्षात घ्या. शेतकऱ्याच्या मनात जे जे प्रश्न उभे राहतील त्या प्रत्येकाला एक एक कलम उत्तर देते. पैसे किती? केव्हा? घोडा मेला तर? मला लढायला लावतील काय? दुसऱ्याच्या मनात शिरणे म्हणतात ते हे.

आणि आता पुढचा भाग ऐका. शेतकरी म्हणाले, ‘जनरलला आम्ही ओळखत नाही, तुम्हांला ओळखतो. तुम्ही स्वतः जामीन राहा.’ फ्रँकलिन राहिले. ९ जुलै रोजी ब्रॅडॉकच्या फौजेचा पराभव झाला, गाड्या-घोडे गेले, आणि मालक भरपाईसाठी फ्रँकलिनच्या दारी आले. रक्कम सुमारे वीस हजार पौंड! ती भरावी लागती तर ते धुळीला मिळाले असते. काहींनी दावेही लावले. शेवटी जनरल शर्ली यांनी चौकशी करवून ते पैसे सरकारातून देवविले, तेव्हा त्यांची सुटका झाली. आमच्या मते जाहिरातीच्या विद्येचा सगळा सार या प्रसंगात आहे. लोकांनी जाहिरातीवर विश्वास ठेवला तो मजकूर चतुर होता म्हणून नव्हे. खाली सही करणारा माणूस त्यांना ठाऊक होता म्हणून. जाहिरात हा आपल्या नावावर दिलेला शब्द असतो, आणि शब्द देणाराला कधी कधी वीस हजार पौंडांची झोप मोडावी लागते.

दुसरे पुस्तक क्लॉड हॉपकिन्स यांचे. हॉपकिन्स १८६६ मध्ये जन्मले, १९३२ मध्ये वारले, आणि अमेरिकेतल्या जाहिरातीच्या धंद्यात त्यांच्याइतका मोबदला मिळवणारे फार थोडे झाले. १९२३ साली त्यांनी ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे लहानसे पुस्तक लिहिले आणि १९२७ साली ‘माय लाइफ इन ॲडव्हर्टायझिंग’ ही आठवणींची वही. त्यांचे मुख्य सूत्र असे की जाहिरात हा छापील विक्रेता आहे. दुकानातला माणूस गिऱ्हाइकापुढे कोट्या करीत बसत नाही, मोघम स्तुती करीत नाही. त्याने जे सांगावे तेच जाहिरातीने सांगावे, आणि त्याच्या कामाचा जसा हिशेब घेतो तसा जाहिरातीचाही घ्यावा. ते जाहिरातीत कूपन छापीत, कोणत्या मजकुराला किती कूपने परत आली ते मोजीत, आणि थोड्या खर्चात अजमावून पाहिल्यावाचून मोठा खर्च करीत नसत.

त्यांच्या अभ्यासाचा एक दाखला सांगतो. उदाहरण बिअरच्या कारखान्याचे आहे. श्रोत्यांनी माल सोडून द्यावा आणि रीत तेवढी घ्यावी. मिल्वॉकी शहरातल्या श्लिट्झ कंपनीची जाहिरात त्यांच्याकडे आली. त्या काळी प्रत्येक कंपनी ‘आमची बिअर शुद्ध’ एवढेच मोठ्या अक्षरांत ओरडत होती. हॉपकिन्स कारखाना पाहावयास गेले. गाळलेल्या हवेच्या काचेच्या खोल्या, खोल विहिरीचे पाणी, यंत्राने पुनःपुन्हा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या हे सारे त्यांनी पाहिले आणि विचारले, ‘हे तुम्ही लोकांना का सांगत नाही?’ मालक म्हणाले, ‘यात सांगण्यासारखे काय? सगळेच कारखानदार असेच करतात.’ हॉपकिन्सनी तेच सांगितले. ‘शुद्ध’ हा पोकळ शब्द सोडून शुद्धता कशी राखतात याचे वर्णन केले. श्लिट्झ पाचव्या क्रमांकावरून थोड्याच महिन्यांत पहिल्या जागेच्या बरोबरीला आली, असे ते लिहितात. आपल्या गावातले हळद-मसाल्याचे दुकानदार ‘उत्कृष्ट’ आणि ‘दर्जेदार’ हे शब्द पाटीवर रंगवतात. त्याऐवजी मिरची कोणत्या बाजाराची, ती किती दिवस उन्हात वाळवली, डंख कसा कांडला, हे त्यांनी दोन ओळींत लिहिले तर गिऱ्हाइकाला वाचायला काहीतरी मिळेल.

याच हॉपकिन्सची दुसरी बाजू न सांगता त्यांचे पुस्तक कोणाच्या हाती द्यावे असे आम्हांला वाटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘लिक्वोझोन’ नावाच्या औषधाची जाहिरात केली. त्या धंद्यात त्यांची भागीदारीही होती. अनेक रोगांची नावे जाहिरातीत छापली जात आणि हे औषध त्या सर्वांवर चालते असा भास होई. कूपन पाठवा आणि पहिली बाटली फुकट घ्या, ही युक्तीही होती. माल जोरात खपला. १९०५ साली ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने बनावट औषधांवर लेखमाला लिहिली आणि त्यात लिक्वोझोनची परीक्षा झाली. निघाले काय? बहुतेक सगळे पाणी, आणि त्यात किंचित आम्ल! पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, अमेरिकेत अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला. तो होण्यास या लेखमालेने मोठी मदत केली.

विचार करा. बिअरची जाहिरात लिहिणारा हात आणि लिक्वोझोनची जाहिरात लिहिणारा हात एकच. बुद्धी तीच, मनुष्यस्वभावाचे ज्ञान तेच, हिशेबीपणाही तोच. एकीकडे त्या विद्येने खरी गोष्ट लोकांना नीट सांगितली. दुसरीकडे आजारी माणसाच्या आशेवर पाणी विकले. जो फुकटची बाटली घेऊन बसला आणि वेळेवर डॉक्टरांकडे गेला नाही त्याचे काय झाले असेल, हे कोणत्याही कूपनावर छापलेले नसते. आपल्या देशातही हा रोग होता. म्हणून १९५४ साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. कायदा आहे, पण मधुमेह मुळासकट घालवणारी पुडी आजही कोणाच्या तरी मोबाइलवर येतेच, आणि आपणच ती ‘उपयोग झाला तर झाला’ म्हणून पुढे पाठवतो. पाठवणारा हाही जाहिरातदारच होय. शब्दाखाली त्याचेही नाव असते.

तिसरे पुस्तक डेव्हिड ओगिल्व्ही यांचे ‘कन्फेशन्स ऑफ ॲन ॲडव्हर्टायझिंग मॅन’. ते १९६३ साली निघाले. ओगिल्व्ही १९११ मध्ये इंग्लंडात जन्मले. पॅरिसच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते राबले, स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून त्यांनी ‘आगा’ नावाच्या चुली विकल्या, अमेरिकेत गॅलप यांच्या लोकमतचाचणीच्या संस्थेत काम केले, आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कला जाहिरातीची संस्था काढली. हॉपकिन्सचे पुस्तक सात वेळा वाचल्यावाचून कोणाला या धंद्यात हात घालू देऊ नये, असे त्यांचे मत होते. सात वेळा! एकेका पुस्तकाचा सारांश पाच मिनिटांत ऐकून ‘वाचले’ म्हणणाराला हे कसे रुचावे?

रोल्स-रॉइस मोटारीची त्यांची १९५८ ची जाहिरात फार गाजली. ताशी साठ मैल वेगात या गाडीत सर्वांत मोठा आवाज होतो तो विजेच्या घड्याळाचा, अशा अर्थाचा तिचा मथळा होता. हे वाक्य एका झटक्यात सुचले असेल असे लोकांना वाटते. पण ती जाहिरात लिहिण्यापूर्वी ओगिल्व्हींनी त्या गाडीविषयी तीन आठवडे केवळ वाचन केले, आणि घड्याळाची ती गोष्ट त्यांना एका मोटारविषयक नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाच्या निरीक्षणात सापडली. प्रतिभेचा वाटा होताच, परंतु तो वेचण्यात होता, आणि वेचायला आधी ढीग लागतो. या पुस्तकातला आणखी एक उपदेश संसारी माणसाला पटेल असा आहे: आपल्या घरच्या माणसांनी वाचू नये असे वाटेल ती जाहिरात लिहू नका. बायकोला आपण खोटे सांगत नाही, तर दुसऱ्याच्या बायकोला का सांगावे? पहिल्या विधानाविषयी श्रोत्यांत मतभेद असू शकेल. पण तत्त्व बिनतोड आहे.

चौथे पुस्तक इतके लहान आहे की दुपारच्या चहापूर्वी हाती घेतले तर दिवेलागणीपूर्वी संपते. जेम्स वेब यंग यांचे ‘अ टेक्निक फॉर प्रोड्यूसिंग आयडियाज’; साल १९४०. कल्पना कशी सुचते, हा त्याचा विषय. यंग म्हणतात, नवी कल्पना म्हणजे जुन्याच गोष्टींची नवी जुळणी. त्यासाठी आधी साहित्य गोळा करावे, मालाविषयीचे आणि एकंदर जगाविषयीचेही. मग ते मनात घोळवावे. मग सोडून द्यावे आणि दुसऱ्या कामाला लागावे. मग केव्हातरी, दाढी करताना म्हणा, कल्पना आपण होऊन येते. शेवटी तिला व्यवहाराच्या उन्हात नेऊन तिचे कोपरे तासावेत. बहुतेक माणसे पहिल्याच पायरीवर कंटाळतात. विरजण न लावता लोणी कोठून येणार? यंग यांचा आग्रह असा की जाहिरात लिहिणाराला जगातल्या कोणत्याही विषयाचे कुतूहल असावे. म्हणजे शेवटी व्यक्तिमत्त्वाच्या विकासाचाच हा उपदेश झाला.

पाचवे पुस्तक लिहिणारांपेक्षा वाचणारांसाठी अधिक आहे. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९८४ साली ‘इन्फ्लुएन्स’ हा ग्रंथ लिहिला. विक्रेते, वर्गणी गोळा करणारे, जाहिरातदार यांच्यात मिसळून, त्यांच्या शिक्षणवर्गांत बसून त्यांनी मन वळवण्याच्या रीती पाहिल्या आणि सहा तत्त्वांत त्या बसवल्या. कोणी काही दिले की परतफेड करावीशी वाटते. एकदा हो म्हटले की त्याला धरून राहावेसे वाटते. चार लोक करतात ते बरोबर वाटते. आवडत्या माणसाला नाही म्हणवत नाही. अधिकारी माणसाचे ऐकावेसे वाटते. आणि दुर्मीळ वस्तू अधिक हवीशी वाटते. पुढे त्यांनी आपलेपणाचे सातवे तत्त्वही जोडले.

हे वाचल्यावर बाजारातून हिंडणे म्हणजे एक करमणूक होते. साड्यांच्या दुकानात थंड सरबत का येते, ‘सेलचा शेवटचा दिवस’ महिनाभर का टिकतो, मोबाइलवर ‘दोनच नग शिल्लक’ असे का लिहिलेले असते, सारे उलगडते. अर्थात सरबत देणारा प्रत्येक दुकानदार लबाड नव्हे. आपल्याकडे आल्यागेल्याला पाणी विचारण्याची रीतच आहे. फरक एवढाच पाहावा की समोरचा खरी गोष्ट सांगतो आहे की तिचा देखावा करतो आहे. दोनच नग खरोखर उरले असतील तर ते सांगणे ही सेवा आहे. गोदाम भरलेले असताना सांगणे ही फसवणूक आहे. चाल्डिनी प्रत्येक तत्त्वाच्या शेवटी त्यापासून बचाव कसा करावा हेही सांगतात. ज्या घरात नुकतेच कोणी कमावू लागले आहे त्या घरात हे पुस्तक अवश्य असावे.

येथवरची पुस्तके परदेशची झाली, कारण या धंद्याचे शास्त्र प्रथम तिकडे लिहिले गेले. परंतु मराठीत जाहिरात लिहायची तर मराठी वाचले पाहिजे; नाहीतर भाषांतराचा वास येणारा मजकूर होतो आणि तो कोणाच्या कानाला गोड लागत नाही. आम्ही दोन ग्रंथ सुचवतो. समर्थांच्या दासबोधातला एकोणिसावा दशक लेखनक्रियेच्या समासाने सुरू होतो. अक्षर सुबक असावे, ओळ वाकडी होऊ नये, कडा मोकळ्या सोडाव्यात, पाहताच जाणत्या माणसाला संतोष व्हावा, असा त्यातला उपदेश आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी मठात पोथी लिहिणाराला सांगितलेले हे नियम आजच्या हस्तपत्रकाला जसेच्या तसे लागू पडतात. दुसरा ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत घरगुती मराठी किती थोड्या शब्दांत किती बोलू शकते ते दिसते. लक्ष्मीबाई वाचकावर छाप पाडण्याचा यत्न करीत नाहीत; जे झाले ते सांगतात. विश्वास निर्माण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांला माहीत नाही.

मराठी मुलखात ही विद्या प्रत्यक्ष आचरलेलीही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्या भीतीला हसून नांगर विकला गेला नसता. ती समजून घेऊन, नांगर शेतात चालवून दाखवूनच ती घालवावी लागली. लक्ष्मणरावांची ही हकीगत शंकरराव किर्लोस्करांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ या पुस्तकात लिहिली आहे. याच शंकररावांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. आरंभी ते कारखान्याचे माहितीपत्रक होते. परंतु वाचकाला उपयोगी पडेल असे काहीतरी द्यावे ही दृष्टी संपादकाला असल्यामुळे त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि महाराष्ट्राच्या विचारावर त्याने ठसा उमटवला. गिऱ्हाइकाला वाचक मानले आणि वाचकाला माणूस मानले म्हणजे जाहिरातपत्रकाचेही वाङ्मय होऊ शकते.

आता हे सारे वाचायचे कसे, याविषयी थोडे सांगून आम्ही आटोपते घेतो. वर्षाला पन्नास पुस्तके संपवण्याचा संकल्प कोणी करू नये. ‘यशस्वी कसे व्हावे’ या जातीची पुस्तके भराभर वाचत राहण्याचे एक व्यसन असते. प्रत्येक पुस्तकाने चार दिवस उमेद येते आणि पाचव्या दिवशी पुढचे पुस्तक लागते. ते वाचन अंगी लागत नाही. सांगितलेली पाच आणि मराठीतली दोन, एवढ्यांवर एक वर्ष घालवावे. जवळ वही ठेवावी. फ्रँकलिनच्या रीतीने आठवड्यातून एकदा चांगल्या मराठी लेखाचे एक पान टिपणांवरून पुन्हा लिहून पाहावे. आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून वहीत चिकटवावी आणि तिच्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: ही कोणाशी बोलते आहे? ती नेमकी कोणती वस्तुस्थिती सांगते? आणि ती कोणती गोष्ट लपवते? बारा महिन्यांत अशा पन्नास जाहिराती तपासून होतील, आणि फसण्याचे प्रसंग निम्मे तरी कमी होतील.

ज्यांना स्वतः जाहिरात लिहायची आहे त्यांनी मजकूर तयार झाल्यावर तो दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा. एक, ज्याला त्या मालाची काहीच माहिती नाही असा. त्याला तो समजला पाहिजे. दुसरा, ज्याने तो माल वर्षभर वापरला आहे असा; त्याला तो खरा वाटला पाहिजे. पहिला अडखळला तर भाषा दुरुस्त करावी. दुसरा हसला तर मात्र भाषेला हात लावू नये. माल दुरुस्त करावा. ही दुसरी दुरुस्ती कठीण असते, खर्चाची असते, आणि म्हणूनच बहुतेक लोक पहिलीवरच भागवतात.

बंधुभगिनींनो, गावातल्या बाजारपेठेत एकमेकांची ओळख असते. येथे खोटी जाहिरात करणाराला दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकासमोरून जावे लागते. मोबाइलच्या बाजारपेठेत ती ओळख नाही, आणि तेथेच खरी कसोटी आहे. शब्दाला जामीन मागणारा शेतकरी तेथे समोर उभा नसतो. आपल्याला स्वतःचाच जामीन राहावे लागते. तो राहण्याइतके मनाचे बळ ज्या वाचनाने येईल ते वाचन आपण करावे, एवढीच आमची विनंती आहे.